अण्णांचा तोल आणि पासष्ट हजारांचं मशीन

ताई, सादर नमस्कार.

मी भांडुपला राहते. माझे सासरे, आमचे अण्णा, ७२ वर्षांचे आहेत. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. हाताच्या थरथरीची आता आम्हाला सवय झाली, पण गेल्या चार महिन्यांत ते दोनदा पडले. एकदा पहाटे बाथरूमला जाताना, एकदा स्वयंपाकघरात ओट्याकडून वळताना. नशीब, हाड मोडलं नाही. दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटतात. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तेही सोडलं. आमच्या इथे एका गाळ्यात थेरपी सेंटर निघालंय, तिथे सकाळी व्हायब्रेशन मशीनवर फुकट उभं करतात. अण्णा महिनाभर जातायत. मशीनवरून उतरलं की पाय हलके होतात म्हणतात. आता सेंटरवाले म्हणतात मशीन घरीच घ्या, ६५,००० रुपये, तोल सुधारेल आणि सहा महिन्यांत गोळ्या कमी होतील. नणंद म्हणते, बाबांपेक्षा पैसा मोठा नाही, घेऊन टाका. आमचे हे गप्प. अण्णांची एफडी मोडावी लागेल. २,००० रुपये बयाणा देऊन झालाय. सासूबाई ते पडतील या धास्तीने रात्र रात्र जाग्या असतात. मशीन घ्यावं का? कंपनांनी तोल खरंच सुधारतो का?

— एक सून, भांडुप

नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मशीन घेऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं, न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय अण्णांची अर्धी गोळीसुद्धा कमी करू नका. पार्किन्सन्समध्ये लेवोडोपा, म्हणजे या आजाराची मुख्य गोळी, एकाएकी बंद केली तर अंग ताठ होतं, ताप चढतो आणि पेशंटला थेट आयसीयूत न्यावं लागू शकतं. ‘सहा महिन्यांत गोळ्या कमी होतील’ असं जो माणूस पेशंटच्या फाइलवर नजरही न टाकता सांगतो, त्याचं पुढचं बोलणं ऐकायची मला तरी गरज वाटत नाही.

आता अण्णांबद्दल. पाय हलके होतात असं ते सांगतात ना, मग ते होत असणार. घरात कुणी ‘मनाचे खेळ आहेत तुमचे’ म्हणत असेल तर त्यांना गप्प करा. कंपनांनी पार्किन्सन्सच्या माणसाला बरं वाटतं हा शोध काही सेंटरवाल्यांचा नाही. ती गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात आगगाडीत झाली.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. आजाराला त्यांचं नाव मिळालं ते मात्र पुढे, पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या झाँ-मार्तां शार्को यांच्यामुळे. शार्को हे त्या काळचे मेंदूविकारांचे सगळ्यात मोठे डॉक्टर. त्यांचे काही पेशंट सांगायचे की आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की त्या दिवशी अंग मोकळं वाटतं. तेव्हाच्या गाड्या किती हादरे द्यायच्या ते वेगळं सांगायला नको. चांगला धडधाकट माणूस ज्या प्रवासाने आंबून जायचा, त्याच प्रवासातून हे लोक ताजेतवाने होऊन उतरायचे. शार्कोंनी ते हसण्यावारी नेलं नाही. विजेवर थरथरणारी एक खुर्ची करून घेतली, पेशंटना रोज अर्धा अर्धा तास तिच्यात बसवलं आणि १८९२ मध्ये त्यावर व्याख्यानही दिलं. अंग हलकं वाटतं, ताठरपणा कमी जाणवतो, रात्री झोप लागते, असं त्यांचे पेशंट सांगत. त्यांचा शिष्य जिल द ला तुरेत याने तर डोक्यावर घालायचं कंप पावणारं शिरस्त्राणच बनवलं. पुढच्याच वर्षी शार्को गेले आणि काम तिथेच अडलं.

(अण्णांना ही गोष्ट जरूर सांगा. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावूनच असायचं. या विषयात त्यांना शार्कोंपेक्षा जास्त कळत असेल.)

शार्कोंची खुर्ची खरी होती की भास, हे ताडून पाहायला २०१२ साल उजाडावं लागलं. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २३ पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काहींना थरथरणाऱ्या खुर्चीत बसवलं, उरलेल्यांना निसर्गातले शांत आवाज ऐकवले. महिनाभर, रोज. महिन्यानंतर खुर्चीतल्या लोकांच्या हालचाली सुधारल्या होत्या. आणि नुसते आवाज ऐकणाऱ्यांच्याही सुधारल्या होत्या, जवळपास तितक्याच. मग श्रेय कंपनांना कसं द्यायचं?

तुमचं मशीन खुर्चीचं नाही, उभं राहायच्या पाटाचं आहे. त्याचीही गत फार वेगळी नाही. २००६ मध्ये जर्मनीतून बातमी आली की थरथरत्या पाटावर थोडा वेळ उभं केल्यावर पेशंटचा कंप आणि ताठरपणा कमी झाला. बराच गाजावाजा झाला. अशा मशीनच्या जाहिरातीत ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ म्हणतात ती बहुधा इथूनच उचललेली. पण २००८ मध्ये जर्मनीतच दुसऱ्या गटाने पाटाची तुलना तोलाच्या साध्या व्यायामांशी केली, तेव्हा दोन्हीकडचे लोक सुधारले, पाटवाले काही पुढे गेले नाहीत. २००९ मध्ये स्पेनमध्ये तर अर्ध्या पेशंटना पाटावर उभं केलं पण कंपनं दिलीच नाहीत. तेही इतरांइतकेच सुधारले. त्यानंतर आणखी बरेच छोटे छोटे अभ्यास झाले, काही बाजूने, काही विरुद्ध. पण तोल सुधारण्यासाठी व्यायामाऐवजी मशीन घ्या असं म्हणण्याजोगं त्यांत काही नाही.

मग अण्णांचे पाय हलके होतात ते कशाने? माझ्या मते त्यात बरंच काही मिसळलेलं आहे. कंपनांनी स्नायूंतल्या ताण ओळखणाऱ्या यंत्रणा जाग्या होतात, पोटऱ्या थोड्या सैल पडतात, हा भाग खरा. पण तो काही वेळाने ओसरतो. शिवाय महिनाभर अण्णा रोज सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून, जिना उतरून, चालत सेंटरवर जातात. तिथे चार माणसं भेटतात, कुणीतरी ‘आज कसं वाटतंय काका?’ म्हणून विचारतं. भजन सोडल्यापासून त्यांना कितीजण असं विचारत होते? आणि तिसरं म्हणजे आशा. पार्किन्सन्समध्ये आशा ही नुसती मनाची गोष्ट नसते. २००१ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी पेशंटना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं आणि मेंदूचा पेट स्कॅन काढला. औषध मिळणार या नुसत्या अपेक्षेनेच मेंदूत डोपामिन पाझरलेलं दिसलं. या आजारात कमी पडतं ते नेमकं हेच डोपामिन. म्हणजे बरं वाटणं खरं, त्यामागचं रसायनही खरं. फक्त त्यासाठी ६५,००० मोजायची गरज नाही, आणि पहाटे बाथरूमच्या दारात ते उपयोगी पडत नाही.

फुकट आहे तोवर अण्णांनी सेंटरवर जावं का? जाऊ देत, पण काही गोष्टी आधी तपासा. पेसमेकर असेल, मेंदूत डीबीएसची (विजेचे हलके झटके देऊन कंप आवरणारी) तार बसवली असेल, मणक्याचं किंवा दुसरं हाड ठिसूळपणाने मोडलेलं असेल, गुडघा किंवा खुबा नुकताच बदलला असेल, पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, मोतीबिंदूचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल, तर त्या पाटावर पाय ठेवायचा नाही. सेंटरवाल्यांनी यातलं काही विचारलं होतं का, ते अण्णांना विचारा. या ठिकाणी नाव, फोन नंबर आणि मुलगा कुठे कामाला आहे एवढंच विचारतात, असा माझा अनुभव आहे. आणि उतरताना बरोबर कुणीतरी हवं. पाटावर माणूस दांडी धरून असतो, पडतो तो पाटावरून खाली पाय टाकताना.

व्हॉट्सअ‍ॅपवर थरथरणाऱ्या हातमोज्यांचा व्हिडिओही फिरतोय, उद्या नणंदबाई तो पाठवतीलच. अमेरिकेत स्टॅनफर्डचे पीटर टास त्यावर काम करतात. बोटांच्या टोकांना ठरावीक क्रमाने कंपनं देऊन मेंदूतल्या पेशींची एकसुरी लय मोडायची, अशी कल्पना आहे. कल्पना हुशारीची आहे, पण छापून आलेले निकाल मोजक्या पेशंटचे आहेत. त्या नावाने इथे कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

आता तुमच्या पत्रातल्या कामाच्या ओळींकडे येते. त्या मशीनच्या नाहीत. ‘पहाटे बाथरूमला जाताना’ आणि ‘ओट्याकडून वळताना’. ही दोन पडणी वेगवेगळ्या कारणांची आहेत, उपायही वेगळे.

पहाटेचं आधी. रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे त्या वेळी अंग सगळ्यात जड असतं. त्यात लघवीची घाई, त्यात अंधार. आणि एक चोर यात नेहमी लपलेला असतो, तो म्हणजे ब्लडप्रेशर. पार्किन्सन्समध्ये झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी धाडकन खाली येऊ शकतं. अण्णांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. अण्णांना बीपीची गोळी चालू आहे का? प्रोस्टेटची? दहा वर्षांपूर्वी लागू पडलेला बीपीच्या गोळीचा डोस आता जास्त होत असेल, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बीपी उतरतं. बदल डॉक्टर करतील, पण त्यांना हे आकडे कुणीतरी द्यावे लागतात. पाच मिनिटांच्या ओपीडीत हे मोजून होत नाही.

तोवर एवढं करा. पहाटे उठल्यावर अण्णांनी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय लोंबकळत ठेवून घोटे वरखाली करायचे, एखाद-दोन मिनिटं गेल्यावरच उभं राहायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा हवा. पलंगापाशी युरिनल ठेवा. अण्णा नाही म्हणतील. ज्या माणसाने एवढी गर्दी अंगावर घेत दादर-लालबागमधून बस काढली, त्याला रात्री भांडं वापरायला सांगणं सोपं नाही, मला कळतं. सासूबाईंनी सांगू नये, तुम्हीही सांगू नये. मुलाने सांगावं. तुमच्या गप्प बसलेल्या मिस्टरांना हे पहिलं काम द्या.

बाथरूमच्या दाराशी पायपुसणं असेलच. उचला. आपल्या घरांतून म्हातारी माणसं पाडण्यात पायपुसण्याचा हात मोठा असतो. आत पकडायला भिंतीत पक्की दांडी बसवून घ्या, टॉवेलच्या रॉडवर भिस्त ठेवू नका, तो अण्णांसकट खाली येईल. लुंगी नेसत असतील तर रात्री हाफ पँट द्या. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल.

गोळ्यांची वेळ हा स्वतंत्र विषय आहे आणि बहुतेक घरांत इथेच गोची असते. लेवोडोपा आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून रक्तात जायला एकच वाट वापरतात. जेवणाबरोबर गोळी घेतली आणि ताटात मासे, अंडी, डाळ, पनीर असेल तर गोळी मागे राहते, आणि दुपारी अण्णा ‘गोळी लागूच पडली नाही’ म्हणतात. म्हणून गोळी साधारण जेवणाआधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालतं. दुधाबरोबर नको. लोहाची गोळी चालू असेल तर तीही या गोळीबरोबर नको. याचा अर्थ मासे बंद असा घेऊ नका. कोकणातल्या माणसाचे मासे तोडले तर तो पार्किन्सन्सआधी त्या दुःखाने खचेल. फक्त अंतर ठेवा. आणि आठची गोळी आठलाच, ‘अहो नऊ वाजले, घेतली का?’ असं नको. मोबाइलवर गजर लावा.

आणखी एक. पडले म्हणून कुणी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं आणि ‘चक्कर आली’ असं सांगितलं, तर चक्करेची गोळी मिळते. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या चक्करेवर, आणि मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवर सर्रास दिलं जाणारं औषध, तिन्ही पार्किन्सन्स बिघडवतात. मेंदूत आहे तेवढ्या डोपामिनचाही ती रस्ता अडवतात. घरातल्या गोळ्यांच्या डब्यात ही नावं आहेत का ते आजच पाहा, असली तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा. तसंच कुणी खाजकुइलीचं चूर्ण देत असेल तर तेही त्यांना सांगा. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेवोडोपाच असते. चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू असतील तर डोस किती जातोय हे कुणालाच कळत नाही.

आता ओटा. चालणं हे आपण न ठरवता करतो, मेंदूचा आतला भाग परस्पर ते काम बघतो. पार्किन्सन्समध्ये नेमका तो भाग कमजोर होतो. दार आलं, जागा अरुंद झाली, वळायचं झालं, कुणी हाक मारली, की ही परस्पर चालणारी व्यवस्था बंद पडते आणि पाय चिकटतात. पण लक्ष देऊन, मुद्दाम पाऊल टाकायचा मार्ग शाबूत असतो. म्हणून तर सपाट फलाटावर अडखळणारा माणूस स्टेशनचा जिना बऱ्यापैकी चढून जातो, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. लोकांना वाटतं हा सोंग करतो. घरातल्यांनाही कधी कधी वाटतं. तो सोंग करत नसतो.

हेच घरात वापरायचं. दाराच्या अलीकडे-पलीकडे, एका पावलाच्या अंतराने, जमिनीवर उठून दिसेल अशा रंगाची टेप आडवी चिकटवा. लाद्या पांढऱ्या असतील तर लाल किंवा काळी. अण्णांनी दाराकडे बघायचं नाही, पट्टीवर पाय टाकायचा. पाय चिकटले तर तुम्ही हाताला धरून ओढायचं नाही, ‘चला चला’ही नाही, घाईने ते आणखी अडकतात. थांबायचं, एक श्वास, पाठ ताठ, वजन एकदा डाव्या पायावर एकदा उजव्यावर, आणि मग मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको. हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा: डबलडेकर बस कुणी जागेवर वळवत नाही, पुढे घेऊन मोठा वळसा मारतात. ओट्यापाशी वळसा मारायला जागा नसेल तर घड्याळाचे आकडे मनात धरून, प्रत्येक आकड्यावर एकेक पाऊल उचलत फिरायचं. चालताना दोन्ही हातांत काही नको, आणि मागून ‘अण्णा, फोन आलाय’ अशी हाक नको. समोर जा, त्यांना थांबू द्या, मग बोला.

पाय सोडवायचं दुसरं साधन म्हणजे ठेका. कंपनं देणाऱ्या पट्ट्या, लेझरच्या काठ्या, कानात टिकटिक करणारी यंत्रं या सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे, मेंदूला बाहेरून इशारा द्यायचा. अण्णांचं तर आयुष्य ठेक्यात गेलं आहे! पखवाज वाजवणाऱ्या माणसाला टिकटिकीचं यंत्र विकत घ्यायची काय गरज? मोबाइलवर त्यांच्या आवडीचं भजन लावा, फार जलद नको, आणि त्या ठेक्यावर घरातल्या घरात चालू द्या. जरा जमलं की पावली. वारीत, भजनात खेळतात ती, दोन पावलं पुढे, दोन मागे, मग बाजूला, गुडघा वाकवून. तोलाच्या व्यायामात जे शिकवतात ते सगळं तिच्यात आहे: वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, मागे पाऊल टाकणं, दिशा बदलणं. हात टाळांत गुंतवायचे नाहीत, निदान सुरुवातीला तरी. बाजूला भक्कम टेबल, जवळ एक माणूस, आणि वेळ गोळीचा असर चढलेला असतानाची. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ पेशंटवर झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा, सहा महिने ‘ताई ची’ हा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल ताकदीचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ते पडलेही कमी. ताई ची म्हणजे तरी काय, सावकाश, लक्ष देऊन, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. पावलीवर असा अभ्यास झालेला मला माहीत नाही, पण ताई चीचा शिक्षक शोधत बसण्यापेक्षा अण्णा पावली आज सुरू करतील.

पहिले काही आठवडे मात्र एखाद्या न्यूरो फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बसवून घ्या. त्याला अण्णांना मागून हलकेच ओढून पाहावं लागेल, सावरायला किती पावलं लागतात ते मोजावं लागेल. ते घरच्यांनी करायचं नाही. केईएम, सायन, नायर, तिन्ही ठिकाणी फिजिओथेरपीचे विभाग आहेत, हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. भांडुपहून तिथे रोज जाणं जमणार नाही, पण एकदा तपासून व्यायाम लिहून आणायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत दाखवायचं, एवढं जमेल. घरी येणारे फिजिओही मिळतात. ६५,००० रुपयांत ते किती महिने येतील याचा हिशेब नणंदबाईंसमोर बसून करा, मशीनचा विषय तिथेच मिटेल.

आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, २००१ मध्ये सुरू झालेली. शहरात आणि उपनगरांत त्यांचे पेशंटचे गट भरतात, व्यायाम, गप्पा, घरच्यांना मार्गदर्शन, तेही मोफत. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ तर मराठीतूनच काम करतं. सेंटरवर अण्णांना जे मिळतंय, ती रोजची चार माणसं, ते इथे मिळेल आणि शेवटी कुणी पावतीपुस्तक काढणार नाही. सासूबाईंनाही न्या. रात्रभर जागणाऱ्या बाईला आपल्यासारखी दुसरी कुणी भेटणं हे झोपेच्या गोळीपेक्षा बरं. त्यांना एवढंच आधी सांगा की अण्णा पडायला लागले तर मध्ये जाऊन झेलायचं नाही, दोघंही पडतील. पडल्यावर लगेच ओढून उठवायचंही नाही. दुखतंय का विचारायचं, जवळ खुर्ची आणायची, अण्णांना कुशीवर, मग गुडघ्यांवर आणून खुर्चीच्या आधाराने उठू द्यायचं. डोक्याला मार लागला असेल किंवा पाय टेकवतच नसेल तर उठवायची घाई न करता दवाखाना.

जाता जाता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. अण्णांचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर प्रमाणपत्र मिळतं आणि लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं. हाजी अलीच्या खेपा घालायच्या तर त्याचा उपयोग होईल.

न्यूरोलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एक वही न्या. दोन रकाने पुरेत: गोळी घेतली ती वेळ, आणि पाय चिकटले, तोल गेला किंवा पडले ती वेळ. दारात पाय अडकतात त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या, कारण दवाखान्यात सगळेच पेशंट छान चालून दाखवतात. तोल हा गोळ्यांनी फारसा न सुधारणारा भाग आहे हे खरं, पण पाय चिकटणं गोळीचा असर उतरतानाच होत असेल तर डॉक्टर वेळा बदलून बरंच काही करू शकतात. वहीतून ते दिसतं.

राहिला बयाणा. पावती असेल तर घेऊन जा, नसेल तर मिस्टरांना बरोबर न्या आणि ‘आमच्या डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढंच सांगा. वाद घालू नका, ते वाद घालण्यात तयार असतात. पैसे परत मिळाले तर साधारण तेवढ्यातच एक डिजिटल बीपी मशीन येतं. दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि अण्णांचा जो हात कमी थरथरतो त्या दंडाला बांधा.